चंबू, चमचा आणि पट्टा : उपचाराच्या वस्तू आणि कलेची नजर

सौंदर्यविचारात जी उदाहरणे पुन्हा पुन्हा घेतली जातात, त्यांत इस्पितळातल्या वस्तूंना सहसा जागा नसते. फूल येते, मावळतीचे आकाश येते, देवळाचे शिखर येते. औषधाची बाटली, प्लास्टर, गोळ्यांचे पाकीट येत नाही. याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. या वस्तूंकडे आपण हौसेने जात नाही, नाइलाजाने जातो. वेदना, भीती आणि ताटकळणे त्यांना चिकटलेले असते. इमॅन्युएल कांटने १७९० साली 'क्रिटिक ऑफ जजमेंट' या ग्रंथात सौंदर्याचा आनंद हितसंबंधनिरपेक्ष असतो, असे प्रतिपादन केले. समोरची वस्तू आपल्या उपयोगाची आहे का, ती आपल्याला हवी आहे का, हा विचार त्या आनंदात नसतो, असे त्याचे म्हणणे. आता अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा उशाशी ठेवलेल्या औषधाच्या बाटलीशी जितका घट्ट हितसंबंध असतो, तितका क्वचितच कुणाचा कशाशी असेल. मग त्या बाटलीत त्याला सौंदर्य दिसणार कसे? आणि एखाद्या तिऱ्हाइताला ते दिसलेच, तर दुसऱ्याच्या दुखण्याकडे डोळेझाक करून मिळवलेले ते सौंदर्य नव्हे काय?

मराठी सौंदर्यमीमांसेच्या अभ्यासकांना हा पेच अनोळखी नाही. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे सौंदर्याची व्यवस्था लावली. त्या कसोटीवर औषधविक्रेत्याच्या फळीवरील बरण्यांची रांग निःशंकपणे सुंदर ठरू शकेल. आकार एकमेकांशी संवाद साधतील, रंग एकमेकांना विरोध करतील, रांगेचा तोल साधला जाईल. बरणीत काय आहे आणि ते कुणाच्या पोटात जायचे आहे, हा प्रश्नच तिथे उद्भवणार नाही. उलट रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा'मध्ये (१९७४) कलेची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे दाखवले. एका टोकाला कलेची स्वायत्तता आणि दुसऱ्या टोकाला लौकिक जीवनाशी असलेले तिचे नाते. यांपैकी एक टोक सोडून दिले, तर कलेविषयीची आपली समज अपुरी राहते. उपचाराच्या वस्तूंबाबत हा ताण अधिकच तीव्र होतो. या वस्तूंनी पाश्चात्त्य कलेत कसा प्रवेश केला, याचा इतिहास पाहताना एक साधा प्रश्न विचारत राहिलो, तर या ताणाचा उलगडा होऊ लागतो, असे मला वाटते. तो प्रश्न असा : वस्तू कुणाच्या हातात आहे?

बरणीची कंबर

सुरुवात बरणीपासूनच करू. पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत इटलीतील फाएन्झा, सिएना, देरुता अशा गावांत औषधविक्रेत्यांसाठी मातीच्या बरण्या मोठ्या प्रमाणावर घडवल्या जात. त्यांना 'अल्बारेल्लो' म्हणतात. हा आकार मूळचा इटलीचा नव्हे. तो इस्लामी जगातून स्पेनच्या आणि व्यापाराच्या वाटेने तिथे पोहोचला. भाजलेल्या मातीवर कथलाची पांढरी, अपारदर्शक झिलई आणि तिच्यावर निळ्या, पिवळ्या, हिरव्या रंगांची वेलबुट्टी किंवा एखादा चेहरा, असे तिचे रूप असते. मध्यभागी बहुधा एक पट्टी असते आणि तिच्यावर औषधाचे लॅटिन नाव.

आज या बरण्या कलासंग्रहालयांत काचेमागे ठेवलेल्या असतात आणि पाहणारा त्यांच्या नक्षीवर लुब्ध होतो. पण त्यांचे खरे वैशिष्ट्य नक्षीत नाही, बांध्यात आहे. अल्बारेल्लो मध्यभागी किंचित आत गेलेली असते. तिला कंबर असते. फळीवर बरण्या एकमेकींना खेटून ठेवल्या, तरी या कमरेपाशी बोटे शिरायला जागा राहते आणि रांगेतली नेमकी एकच बरणी शेजारणीला धक्का न लावता उचलता येते. तोंडाचा काठ बाहेर वळलेला असतो, कारण झाकण म्हणून घातलेले चर्मपत्र त्याखाली दोरीने आवळून बांधायचे असते. ज्या रेषेला आपण डौल म्हणतो, ती रेषा एका पकडीतून निर्माण झालेली आहे. वस्तूच्या उपयोगावर अवलंबून असणाऱ्या सौंदर्याला कांटने परायत्त म्हटले आणि स्वायत्त सौंदर्याहून वेगळे काढले. ही कंबर त्याचे उत्तम उदाहरण ठरावे.

मात्र ही पकड कुणाची, हेही पाहिले पाहिजे. ती औषधविक्रेत्याची आहे. बरणी त्याच्या फळीवर, त्याच्या हाताच्या मापाने घडलेली आहे. दुकानात येणाऱ्याला ती दुरून दिसते आणि तिची झळाळी त्याला सांगते, की इथला माल खात्रीचा आहे. रोगी या सौंदर्याचा गिऱ्हाईक आहे, धनी नव्हे.

उजेडात धरलेला चंबू

सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी उपचाराची एक वस्तू अक्षरशः उचलून धरली. ती म्हणजे रोग्याचे मूत्र तपासण्याचा काचेचा गोल बुडाचा चंबू. मूत्राचा रंग, गढूळपणा, साका यांवरून रोगनिदान करण्याची पद्धत मध्ययुगीन युरोपात सर्वत्र रूढ होती. आयुर्वेदातील मूत्रपरीक्षा ज्यांना माहीत आहे, त्यांना त्यात नवल वाटणार नाही. चंबू हातात घेतलेला माणूस म्हणजे वैद्य, हा संकेत चित्रकलेत इतका पक्का होता, की वेगळी ओळख द्यावी लागत नसे.

लायडनच्या गेरिट डाऊने १६६३ साली रंगवलेले जलोदराने आजारी स्त्रीचे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. खिडकीशी आजारी स्त्री बसलेली आहे. तिची मुलगी गुडघे टेकून तिचा हात धरून रडते आहे. मागे उभी असलेली दासी चमच्याने तिला काही भरवू पाहते आहे. आणि बाजूला, तलम रेशमी वस्त्रे ल्यालेला वैद्य चंबू उजेडात धरून निरखतो आहे. डाऊची ख्याती बारीक कामाबद्दल होती आणि इथे ती सार्थ ठरते. काच, काचेतला द्रव, द्रवातून आरपार येणारा उजेड या तिन्हींचा निराळेपणा त्याने एवढ्याशा जागेत जपला आहे. समाजात ज्या पदार्थाचे नावही सभ्यपणे घेतले जात नाही, तो इथे मधासारखा उजळलेला दिसतो.

याच काळात या परीक्षेची प्रतिष्ठा उतरणीला लागली होती, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे. केवळ चंबू पाहून भविष्य सांगितल्यागत रोग सांगणाऱ्यांची टर उडवणारे टॉमस ब्रायनचे पुस्तक इंग्लंडमध्ये १६३७ सालीच निघाले होते. डाऊचाच समकालीन यान स्टेन याने वैद्याच्या भेटीची जी अनेक चित्रे काढली, त्यांत प्रेमज्वराने झुरणारी तरुणी आणि गंभीर मुद्रेचा वैद्य यांच्यामधला चंबू विनोदाचाच विषय होतो. म्हणजे ज्ञानाचे साधन म्हणून वस्तूचा भाव उतरत असतानाच चित्राचा विषय म्हणून तो चढत होता. तिच्या निदानावर विश्वास ठेवण्याची सक्ती संपली, तेव्हा तिच्यातल्या उजेडाकडे पाहण्याची मोकळीक मिळाली, असेही म्हणता येईल.

परंतु डाऊच्या चित्रात लक्ष वेधण्याजोगी आणखी एक वस्तू आहे : दासीच्या हातातला चमचा. चंबू डोळ्यांच्या वर आहे आणि उजेडात आहे. चमचा तोंडापाशी आहे आणि दुय्यम आहे. एकात जाणण्याची क्रिया आहे, दुसऱ्यात सांभाळण्याची. चित्रकाराने तेज कुणाच्या पदरात टाकले, ते उघडच आहे. त्या चमच्याला पुढे यायला दोन शतकांहून अधिक काळ लागला.

सुरी आणि चमचा

१८७५ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे टॉमस इकिन्सने 'द ग्रॉस क्लिनिक' हे प्रचंड चित्र पूर्ण केले. डॉ. सॅम्युएल ग्रॉस विद्यार्थ्यांसमोर मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया करता करता क्षणभर थांबून बोलू लागले आहेत. अंगात रोजचाच काळा कोट आहे. कपाळावर उजेड पडला आहे आणि उजव्या हातात सुरी आहे. सुरी आणि बोटे रक्ताने माखलेली आहेत. जवळच बसलेल्या एका स्त्रीने हाताने चेहरा झाकला आहे. काळोख्या चित्रात तो लाल रंग सगळे लक्ष ओढून घेतो. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या शताब्दी प्रदर्शनाच्या कलादालनात या चित्राला जागा नाकारण्यात आली. ते लावले गेले लष्करी इस्पितळाचा नमुना म्हणून उभारलेल्या विभागात, खाटा आणि उपचाराची साधने यांच्या सान्निध्यात. कलेच्या परीक्षकांनी चित्रालाच उपचाराची वस्तू ठरवले. जे अंतर सौंदर्यानुभवाला आवश्यक मानले जाते, ते या सुरीने मोडले होते.

सोळा वर्षांनी, १८९१ साली, लंडनच्या रॉयल अकॅडमीत ल्यूक फिल्ड्स याचे 'द डॉक्टर' हे चित्र प्रदर्शित झाले आणि अफाट लोकप्रिय ठरले. हेन्री टेट या उद्योगपतीने ते काढून घेतले होते. फिल्ड्सचा थोरला मुलगा फिलिप १८७७ सालच्या नाताळात वारला होता आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरची स्मृती या चित्रामागे होती. गरिबाची झोपडी, दोन निरनिराळ्या खुर्च्या जोडून केलेल्या बिछान्यावर निजलेले मूल आणि शेजारी हनुवटीला हात लावून बसलेला डॉक्टर. मागे टेबलावर डोके टाकलेली आई आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा असलेला बाप. खिडकीतून पहाट डोकावते आहे.

या चित्रातील वस्तू मोजून पाहाव्यात. दिवा आहे, औषधाची बाटली आहे, कप आणि चमचा आहे. जे नाही, ते अधिक बोलके आहे. स्टेथोस्कोपचा शोध १८१६ सालचा. १८९१मध्ये तो डॉक्टरांच्या नित्य वापरात होता आणि थर्मामीटरही होता. चित्रकाराने दोन्ही वगळले. डॉक्टरच्या हातात काहीच नाही. उजेडात आता चंबू नाही, मुलाचा चेहरा आहे. कपात टेकवून ठेवलेला चमचा मात्र रात्र कशी गेली, ते सांगतो. किती वेळा औषध पाजले, किती वेळा ते ओठांवरून ओघळले, हे सगळे त्या घरगुती वस्तूत साठले आहे. डाऊच्या दासीचा चमचा इथे चित्राच्या भावार्थाचा वाहक झाला आहे.

या हळवेपणाला दुसरी बाजूही आहे. निर्व्याज सेवेची ही प्रतिमा व्यवसायाला फार सोयीची ठरली. १९४७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या शताब्दीनिमित्त ते चित्र अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आले. १९४९ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या राष्ट्रीय आरोग्यविम्याच्या योजनेला विरोध करताना त्याच संघटनेने या चित्राचा प्रचारासाठी वापर केला. झोपडीतला उपचार दाखवणारे चित्र गरिबाला उपचार परवडण्याच्या योजनेविरुद्ध उभे केले गेले. सौंदर्य निरुपद्रवी नसते, एवढे तरी यातून शिकावे.

पडद्यामागचे हात

अमेरिकेत हा वाद चालू असतानाच्या वर्षांत, इंग्लंडमध्ये शिल्पकार बार्बरा हेपवर्थ शस्त्रक्रियागृहात उभी राहून चित्रे काढत होती. तिला १९३४ साली तिळी मुले झाली होती. त्यांतल्या सारा या मुलीला १९४४ साली हाडाचा गंभीर संसर्ग झाला आणि एक्सेटरच्या अस्थिरोग इस्पितळात तिच्यावर दीर्घ उपचार झाले. शल्यविशारद नॉर्मन केपनर यांच्याशी या निमित्ताने जुळलेला परिचय मैत्रीत बदलला आणि त्यांनी तिला शस्त्रक्रिया पाहायला बोलावले. १९४७ ते १९४९ या काळात तिने या विषयावर सुमारे ऐंशी चित्रे केली. प्रारंभी ती बिचकली होती. नंतर तिथल्या माणसांच्या एकोप्याने आणि हालचालींच्या नेमकेपणाने ती भारावून गेली.

तिची पद्धत शिल्पकाराचीच होती. फळीवर पांढऱ्या रंगाचा कठीण थर द्यायचा, त्यावर निळसर-हिरवट पातळ रंग पसरायचा, तो पात्याने खरवडायचा आणि मग पेन्सिलीने रेषा काढायची. म्हणजे शस्त्रक्रिया रेखाटण्याची कृतीही शस्त्रक्रियेच्या जवळ जाणारी होती. १९४८ साली तिने कानाच्या एका नाजूक शस्त्रक्रियेवर चित्रमालिका केली. त्यांतील एका चित्राच्या नावात हातोडी आहे, एकाच्या नावात सूक्ष्मदर्शक. तिच्या चित्रांत रक्त नाही, जखमही बहुधा दिसत नाही. झगे, टोप्या आणि मुखपट्ट्या यांनी माणसे जवळजवळ पुतळ्यांसारखी झाली आहेत. उघडे राहतात ते फक्त डोळे आणि हात. हातातली साधने बोटांची लांबलेली टोके वाटावीत इतकी साधी आहेत. हातोडी आणि छिन्नी हीच आपलीही हत्यारे, ही शिल्पकाराची जाण रेषेरेषेत आहे.

ही चित्रे होत असतानाच, ५ जुलै १९४८ रोजी, ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. हेपवर्थच्या चित्रांत इकिन्ससारखा एक नायक नसतो, समूह असतो. कोण मोठा, कोण साहाय्यक, हे चटकन ओळखू येत नाही. तो काळ लक्षात घेतला, की या रचनेला सामाजिक अर्थही येतो. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे, तर इथे समतोललय आहे. पण ती केवळ आकारांची नाही. ती एका कृतीत गुंतलेल्या माणसांच्या परस्परविश्वासाची लय आहे. एका ध्रुवावरून दुसऱ्या ध्रुवाकडे जाणारी वाट अशी सापडते.

तरीही एक उणीव राहते. जिच्यामुळे हे सारे घडले, ती मुलगी, किंवा तिच्या जागी असलेला कोणताही रोगी, या चित्रांत कापडाखाली असतो. हात अजूनही उपचार करणाऱ्याचेच आहेत.

पायाच्या मापाचे लाकूड

वस्तू रोग्याच्या अंगाला लागली, की तिचा आकार बदलतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाला जखमींचे मोडलेले पाय बांधण्यासाठी धातूच्या स्प्लिंटऐवजी दुसरे काही हवे होते. धातूच्या साधनाने पाय हादरे खाई. चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने १९४२ साली प्लायवूड वाफ आणि दाबाखाली वाकवून पायाची स्प्लिंट तयार केली. तिचा साचा चार्ल्सच्या स्वतःच्या पायावरून घेतला होता. प्लायवूडला दोन दिशांनी वाकवले, की ते तडकू पाहते, म्हणून तिच्यात लांबट खाचा ठेवल्या. त्याच खाचांतून पट्ट्या ओवून पाय बांधता येई. अशा सुमारे दीड लाख स्प्लिंट तयार झाल्या. रे मूळची चित्रकार. तिने यांपैकी एक स्प्लिंट कापून तिचे अमूर्त शिल्प केले. युद्धानंतरच्या त्यांच्या प्रसिद्ध प्लायवूडच्या खुर्च्या याच प्रयोगांतून निघाल्या.

याच ईम्स दांपत्याने १९५८ साली भारत सरकारसाठी लिहिलेल्या अहवालात आपल्या तांब्याची, म्हणजे लोट्याची, मुक्तकंठाने स्तुती केली. त्यात किती पाणी मावावे, तो कमरेवर कसा टेकावा, हाताला कसा लागावा, ओतताना धार कशी पडावी अशा अनेक प्रश्नांची पिढ्यान्पिढ्या दिलेली उत्तरे त्या एका आकारात त्यांना दिसली. या अहवालातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली, हे अनेकांना माहीत असते. पण लोट्याकडे पाहणारी ती नजर सोळा वर्षांपूर्वी जखमी पायावर तयार झाली होती, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. वस्तू सुंदर का, या प्रश्नाला त्यांचे उत्तर एकच होते : ती अंगाला कशी लागते ते पाहा.

अंगावरचा पट्टा

फ्रिदा काहलोपाशी आले, की प्रश्नाची दिशाच पालटते. १७ सप्टेंबर १९२५ रोजी मेक्सिको शहरात बस आणि ट्रामची टक्कर झाली. त्या वेळी ती अठरा वर्षांची होती. पाठीचा कणा, ओटीपोटाचे हाड आणि पाय मोडले. पुढचे सारे आयुष्य शस्त्रक्रिया आणि पाठीला आधार देणारे चामड्याचे, पोलादाचे, प्लास्टरचे पट्टे यांच्या सोबतीने गेले. आईने बिछान्यावर आरसा बसवून दिला आणि निजल्या निजल्या चित्र काढता येईल अशी सोय केली.

१९३२ सालच्या 'हेन्री फोर्ड हॉस्पिटल' या चित्रात गर्भपातानंतर इस्पितळाच्या खाटेवर पडलेली ती स्वतः आहे आणि तिच्या हातातून निघालेल्या लाल फितींना गर्भ, गोगलगाय, ओटीपोटाचे हाड, एक यंत्र अशा वस्तू बांधलेल्या आहेत. हे चित्र पत्र्यावर आहे. मेक्सिकोतले श्रद्धाळू लोक संकटातून वाचल्यावर पत्र्यावर चित्र काढवून देवळात वाहत, त्या परंपरेचा हा आधार. नवस फेडण्याची रीत तिने नवस न फळल्याची नोंद करायला वापरली. १९४४ सालच्या 'द ब्रोकन कॉलम' या चित्रात उघड्या देहाला पोलादी पट्टा आवळलेला आहे आणि कण्याच्या जागी मोडका ग्रीक खांब आहे.

पण या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम तिने कॅनव्हासवर केले नाही. अंगावर चढलेल्या प्लास्टरच्या पट्ट्यांवरच तिने रंगकाम केले. एका पट्ट्यावर छातीपाशी विळा-हातोडा आणि खाली पोटावर गर्भ आहे. १९५३ साली तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हा कृत्रिम पायासाठी तिने भरतकाम केलेला लाल बूट करवून घेतला. इथे चित्रकार दुरून पाहत नाही. वस्तू तिच्या कातडीला लागून आहे आणि हातही तिचाच आहे. ज्या प्लास्टरने तिला जखडले, त्यालाच तिने आपला फलक केले. कांटच्या हितसंबंधनिरपेक्षतेला याहून समर्पक उत्तर मला माहीत नाही. तिचा त्या वस्तूशी असलेला हितसंबंध तसूभरही कमी झाला नाही. पट्टा तितकाच टोचत राहिला, आणि तरी तो सुंदर झाला.

१९५४ साली फ्रिदा गेली. तिचे पट्टे, कुबड्या आणि तो कृत्रिम पाय राहत्या घराच्या एका बंद न्हाणीघरात पन्नास वर्षे पडून होते. २००४ साली ती खोली उघडली. त्यानंतर ग्रासिएला इतुर्बिदे या मेक्सिकन छायाचित्रकर्तीने त्या वस्तूंची कृष्णधवल छायाचित्रे घेतली. त्यांत फ्रिदाचे रंग नाहीत, चेहरा नाही; भिंतीला टेकलेला पट्टा आणि रिकामा पाय आहे. वापरणारी व्यक्ती गेल्यावर वस्तूत तिचा आकार कसा शिल्लक राहतो, हे त्यांत दिसते.

गोळ्यांचे कापड

विसाव्या शतकाच्या अखेरीस औषध ही वस्तू बरणीत राहिली नव्हती, ती गोळी झाली होती. ब्रिटिश कलावंत डेमियन हर्स्टने १९८८पासून औषधांच्या रिकाम्या खोक्यांची कपाटे मांडायला सुरुवात केली. आरंभीच्या एका कपाटात त्याच्या आजीची औषधे होती. १९९२ साली त्याने 'फार्मसी' या नावाने औषधांचे अख्खे दुकान कलादालनात उभे केले. औषधावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, मग कलेवर का नाही, हे त्याचे कोडे होते. १९९८ साली त्याच नावाने लंडनमध्ये उपाहारगृह निघाले, तेव्हा लोक ते खरेच औषधाचे दुकान समजतील, अशी हरकत औषधव्यावसायिकांच्या संस्थेने घेतली. हर्स्टची कपाटे देखणी आहेत; मांडणी, रंग, अक्षरे सारे चोख. पण अल्बारेल्लोच्या रांगेसारखेच तेही विक्रेत्याच्या फळीचे सौंदर्य आहे. आजीची औषधे कपाटात आली. आजी मात्र आत आली नाही.

तिला आत आणण्याचे काम २००३ साली ब्रिटिश म्युझियममध्ये मांडलेल्या 'क्रेडल टू ग्रेव्ह' या कलाकृतीने केले. वस्त्रकलावंत सूझी फ्रीमन, व्हिडिओ-कलावंत डेव्हिड क्रिचली आणि डॉक्टर लिझ ली या तिघांचे हे काम. तलम नायलॉनच्या जाळीत छोटे छोटे कप्पे विणून प्रत्येकात एकेक गोळी बंद केली आहे. असे दोन लांबच लांब पट्टे आहेत, एक पुरुषाचा आणि एक स्त्रीचा. ब्रिटनमध्ये सर्वसामान्य माणसाला आयुष्यभरात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांची संख्या चौदा हजारांहून अधिक, असा अंदाज त्यासाठी धरलेला आहे. दुकानातून आपणहून आणलेल्या गोळ्या त्यात धरलेल्या नाहीत. जन्मल्याबरोबर दिलेल्या औषधापासून हे कापड सुरू होते. त्याच्या कडेने कौटुंबिक छायाचित्रे आणि घरगुती वस्तू मांडलेल्या आहेत. बाळ, शाळा, लग्न, सहल, नातवंडे.

दुरून पाहिले तर हा भरजरी शेल्यासारखा एक मनोहर पट आहे. जवळ गेल्यावर रंगांचे पट्टे वाचता येऊ लागतात. स्त्रीच्या पटात गर्भनिरोधक गोळ्यांची महिनोन्महिने चाललेली नियमित नक्षी येते. पुरुषाच्या पटात बरीच वाट मोकळी गेल्यावर रक्तदाबाच्या गोळ्यांची गर्दी होते. त्याने पहिल्या ६६ वर्षांत जितक्या गोळ्या घेतल्या, तितक्याच शेवटच्या दहा वर्षांत घेतल्या आणि ७६व्या वर्षी पक्षाघाताने तो गेला. विणीतली घट्ट जागा म्हणजे आयुष्यातला अवघड काळ. इथे लय आहेच. पण ती वाचायची, तर आयुष्य वाचावे लागते. रचना आणि जीवन हे दोन ध्रुव एकाच धाग्यात ओवले गेले आहेत.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. उपचाराच्या वस्तूत सौंदर्य पाहणे म्हणजे दुखण्याकडे डोळेझाक करणे होय काय? वस्तू फळीवर असेल, किंवा वैद्याच्या उंचावलेल्या हातात असेल, तर तसे होण्याचा धोका असतो. फिल्ड्सच्या चित्राचे पुढे काय झाले, ते आपण पाहिले. पण चंबूकडून चमच्याकडे, चमच्याकडून पट्ट्याकडे आणि पट्ट्याकडून गोळ्यांच्या कापडाकडे येताना वस्तू हळूहळू दुखणाऱ्या माणसाच्या जवळ सरकत गेली आहे. ती जितकी जवळ आली, तितके तिचे सौंदर्य दुखण्याबद्दल अधिक खरे बोलू लागले. साहित्याच्या अभ्यासकाला यात काही नवे वाटू नये. शब्दही असेच असतात. शब्दकोशाच्या फळीवर ते नीट मांडलेले असतात. कुणाच्या तरी तोंडी बसल्यावर त्यांना वजन येते.

त्या कापडावरच्या पुरुषाचा पट पूर्ण झालेला आहे. त्याच्या जोडीदारणीचा मात्र झालेला नाही. कलाकृतीत ती ८२ वर्षांची आहे आणि जिवंत आहे. तिच्या पुढच्या गोळ्यांसाठी विणायची जागा अजून बाकी आहे.